फोकस स्टॅकिंग आणि डाव्या पायातला बूट

परवा सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर एका गृहस्थांनी मला स्वतःच्या डाव्या पायातला बूट हुंगवला. मला फिट आलेली नव्हती. मी फोटो काढत होतो.

खरं तर एवढं सांगून मी थांबलो असतो. पण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांनी आधी विचारलं, "पण तू पालथा पडून करत काय होतास?" बुटाबद्दल कोणालाच काही वाटलं नाही. तेव्हा ते एकदा सांगून टाकतो.

मी किड्यांचे अगदी जवळून फोटो काढतो. किडा जेवढा आहे तेवढाच्या तेवढा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटवायचा, म्हणजे १:१, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, एफ-८ इतकं बारीक ठेवूनसुद्धा जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळे आले की पाय पुसट, पाय आले की डोळे गेले. अ‍ॅपर्चर आणखी बारीक करावं (आकडा मोठा, छिद्र लहान), तर १:१ ला एफ-१६ हे साधारण एफ-३२ सारखं वागतं. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो, त्या डिफ्रॅक्शनमुळे मग डोळे आणि पाय दोन्ही समसमान धूसर. म्हणून फोकस स्टॅकिंग. कॅमेरा रेलवर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकवणाऱ्या पट्टीवर, बसवायचा, रेलची चकती किंचित फिरवायची, फोटो; पुन्हा किंचित, पुन्हा फोटो. काकडीच्या चकत्या करायच्या आणि घरी जाऊन त्या जोडून पुन्हा अख्खी काकडी करायची, असा हा उद्योग. जोडण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. चकत्या करताना काकडीने हलायचं नाही, आपण हलायचं नाही आणि जगानेही हलायचं नाही, एवढीच अट.

माझी काकडी म्हणजे एक पिवळी टाचणी होती. चतुराची नाजूक बहीण, तीच. गवताच्या पात्याला धरून झोपलेली, अंगावर दव. नोव्हेंबरच्या पहाटे किड्यांचं अंग गार असतं, स्नायू तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. स्टॅकिंगवाल्यांचा दिवस त्यामुळे ऊन येण्याआधी संपतो. टाचणीला आपली चाहूल लागलीच तर ती उडण्याऐवजी पात्याच्या मागे सरकते. अंग लपतं, पण डोळे इतके लांब लांब असतात की दोन्ही बाजूंनी बाहेरच राहतात. लपून बघणाऱ्या मुलाला आपण दिसत नाही असं वाटावं, तसलाच आत्मविश्वास. हिचा चेहरा अगदी समोरून घ्यायचा तर तीन-चार मिलिमीटरची खोली, ०.२ मिलिमीटरच्या पायरीने पंधरा ते वीस फोटो. प्रत्येक फोटोला श्वास रोखायचा, कारण छाती हलली तरी कॅमेरा १ मिलिमीटरपेक्षा जास्त हलतो.

ट्रायपॉड इतका खाली येत नाही, म्हणून कॅमेऱ्याखाली पिशवी. विकतच्या पिशव्या बहुतेक रिकाम्या येतात, आपण काहीतरी भरायचं. माझ्या पिशवीत मटकी आहे. दवात भिजून तिला मोड येतात, मग तिची उसळ होते आणि पिशवीत नवी मटकी भरली जाते. या छंदातून आमच्या घराला मिळालेला हा एकमेव परतावा. फ्लॅशसमोर प्रकाश मऊ करायला चिप्सच्या डब्याचा आणि बटर पेपरचा डिफ्यूझर. बाजारात तयार मिळतात, पण त्यांची किंमत बघून चिप्स खाणं परवडतं.

तर असा मी पालथा, पाय पसरलेले, तोंड गवतात, श्वास बंद, हाताची फक्त दोन बोटं मधूनच थरथरल्यासारखी रेलवर हलतायत. आणि मागून आवाज आला, "अरे, अरे, याला आलीय!"

मी फोटोंच्या मधोमध होतो, त्यामुळे उत्तर दिलं नाही. तोच पुरावा ठरला.

गृहस्थ सत्तरीचे, माकडटोपी, गळ्यात किल्ल्यांची दोरी. मला दिसत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. आधी ते माझ्याशी नाही, स्वतःच्या बुटाच्या नाडीशी बोलत होते. "दुहेरी गाठ मारते ही, सांगून ऐकत नाही... चप्पल पाहिजे खरं म्हणजे. चामड्याची. हल्ली कोण घालतं? सगळे हे रबरी बूट... असो. आहे ते आहे." मग माझ्या नाकाखाली काहीतरी ओलसर आणि कोमट आलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की श्वास रोखण्याचं तंत्र मला इतकं उपयोगी याआधी कधी पडलं नव्हतं. मात्र मी श्वास घेत नाही हे बघून ते घाबरले आणि त्यांनी माझा खांदा धरून मला उताणा केला. या प्रयत्नात त्यांचा दुसरा पाय डिफ्यूझरवर पडला.

"काका, मला काही झालेलं नाही!"

"आलं, भान आलं," काका मागे वळून म्हणाले. मागे आता तीन-चार जण होते. "हळूहळू. उठू नका."

"अहो, मला फिट आलीच नव्हती."

"हो, हो. त्यांना आठवत नसतं," हे पुन्हा मागच्यांना.

या वाक्यापुढे जगातला कुठलाही माणूस हतबल आहे. मी नाही म्हणालो की आजार सिद्ध होतो, मी चिडलो की जास्तच सिद्ध होतो.

"मी टाचणीचा फोटो काढत होतो."

"कुठाय टाचणी?"

"इथेच. झोपलीय."

सगळे गप्प झाले. एका बाईंनी त्यांच्या कुत्र्याची दोरी जवळ ओढली. काका अतिशय मायेने म्हणाले, "झोपू दे हं तिला. किती फोटो काढले टाचणीचे?"

"एकच. म्हणजे वीस काढायचे असतात, त्याचा एक होतो."

"बरं, बरं. घरी कोण असतं तुमच्या?"

मग माझ्या हातात लोखंड हवं म्हणून त्यांनी गळ्यातल्या किल्ल्या काढून माझ्या मुठीत कोंबल्या. कोणीतरी कांदा आहे का विचारलं. सकाळी साडेसहाला टेकडीवर कांदा! तोही एकाच्या डब्यात निघाला असता, तर मला आश्चर्य वाटलं नसतं. मी कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दाखवला, फोटो दाखवले. काकांनी सगळे बघितले. "हे सगळे सारखेच आहेत," ते म्हणाले, आणि त्या बाईंकडे बघून नुसती मान हलवली.

इथे मला जरा रागावू द्या. फिट आलेल्या माणसाला बूट, चप्पल, कांदा हुंगवून काहीही होत नाही. हातात लोखंड देऊनही होत नाही. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात, आणि तोवर बूट नाकाशी पोचलेला असतो, म्हणून श्रेय बुटाला जातं. मला एकदाच हुंगावा लागला. ज्यांना खरंच हा आजार आहे त्यांनी आयुष्यात किती बूट हुंगले असतील आणि वर आभार मानले असतील, या विचाराने मी अजून तापतो. काकांनाही माझे आभार हवे होते. मी ते मानले नाहीत, तेव्हा ते दुखावले.

आणि दुसरं. त्या टेकडीवर रोज इतकी माणसं चालतात. मनगटावर पावलं मोजतात, स्पीकरवर गाणी लावतात, मोठ्याने हसण्याचा व्यायाम करतात, आणि या कशालाच कोणी आजार म्हणत नाही. उन्हाळ्यात गवताला वणवा लागतो, त्यात काय काय जळतं हे कोणी वाकून बघत नाही. एक माणूस गवताकडे स्थिर नजरेने बघत पडला, की मात्र बूट निघतो.

घरी आल्यावर फोटो झेरीन स्टॅकर या जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातले. त्यात दोन पद्धती आहेत. डीमॅप रंग आणि पोत नीट राखते, पण जिथे एक कडा दुसरीवरून जाते तिथे गडबडते. पीमॅक्स केस, पाय, गुंतागुंत छान सोडवते, मात्र जिथे जे जे ठळक दिसेल ते सगळं ठेवते. काकांचा पाय पडला तेव्हा माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर दाबलं गेलं असावं, आणि डोललेल्या गवताच्या पात्याचाही एक फोटो निघाला. पीमॅक्सने इमानदारीने दोन्ही जागचे डोळे ठेवले. चार डोळ्यांची टाचणी तयार झाली. चारही लखलखीत, कसबाने जोडलेले.

काल काका पुन्हा भेटले. "गोळ्या चालू आहेत ना?" म्हणाले. मग मनातला रुसवा गिळून, "तो फोटो झाला का?" मीही संतापात मोबाइल पुढे केला, म्हटलं, बघा तुमच्या पायाचे प्रताप. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. बराच वेळ बघत राहिले.

"चार असतात होय?" ते म्हणाले. "सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत तो फोटो माझ्याच मोबाइलवरून स्वतःला पाठवून घेतला.

आज सकाळी तीन अनोळखी माणसांनी मला थांबवून चार डोळ्यांची टाचणी कुठे दिसते ते विचारलं. मी सांगितलं, तिला दोनच असतात. तिघांनीही समजूतदारपणे मान डोलावली. त्यातला एक जाता जाता दुसऱ्याला हळूच म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं ना. त्यांना आठवत नसतं."