कोर्टानं पाठवलेला माणूस संस्थेनं घ्यावा का?

समाजसेवेची शिक्षा म्हटलं की आपल्याकडं लोक पहिल्यांदा हसतात. पुण्याच्या पोर्शे प्रकरणातला 300 शब्दांचा निबंध डोक्यातून जात नाही ना कुणाच्या. पण ते पोरगं अल्पवयीन होतं, तो विषय वेगळा, मी बोलतोय मोठ्या माणसांबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फाशी, जन्मठेप, दंड ह्यांच्या रांगेत कम्युनिटी सर्व्हिस येऊन बसली. सगळ्या गुन्ह्यांना नाही, मोजून सहा. 5000 रुपयांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन चारचौघात धिंगाणा, अब्रुनुकसानी, सरकारी नोकरानं बेकायदा धंदा करणं, असले. कामाचा मोबदला मिळणार नाही हे कायद्यात लिहिलंय, पण किती तास, कुठं, कोण बघणार हे काही लिहिलेलं नाही. म्हणजे ते बघणार कोण, तर शेवटी आपल्यासारख्या संस्था.

आमची संस्था सोलापुरातली, छोटी आहे, पेशंटच्या नातेवाईकांना रात्रीचं जेवण पोचवायचं काम करतो, गावाकडनं आलेली माणसं असतात, दवाखान्याच्या आवारात पथारी टाकून झोपलेली. कमिटीतल्या वकीलसाहेबांनी मीटिंगमध्ये विषय काढला की उद्या कोर्टानं असा माणूस पाठवायचा म्हटला तर आपण घेणार का. झालं. एक म्हणाले, "काय बोललालाव मालक, चोराच्या हातात कोठीची चावी देऊ का?" दुसऱ्यांचं उलटंच, "फुकट माणूस मिळलालाय, घ्या की ओ, भांडी घासायला लावू!"

मला विचाराल तर ह्या दोन्हीत दुसरं जास्त घातक आहे.

आमच्याकडं भांडी घासायला दोन मावश्या आहेत, पगारी. एक पूर्वी विड्या वळायची, आता बोटं चालत नाहीत म्हणून इकडं आली. पातेलं एवढं मोठं की दोघींनी दोन्ही कडांना धरून आडवं करायचं, मग एकीनं आत वाकून तळ खरवडायचा. उद्या फुकटचा माणूस आला म्हणून त्यातल्या एकीला 'सध्या येऊ नका' सांगितलं तर शिक्षा कुणाला झाली? चोरी केली दुसऱ्यानं आणि पगार बुडाला मावशीचा. मोठ्या संस्थांमध्ये, सरकारी ठिकाणी तर हे अजून सोपं आहे, कंत्राटी सफाईवाले कमी करायचे आणि कोर्टाकडनं माणसं मागवायची.

आणि सगळ्यांच्या तोंडी पहिलं काम झाडूचंच का येतं? 'संडास साफ करायला लावा, मग कळेल.' अरे, पण जो माणूस पोटासाठी रोज तेच करतो त्याला आपण काय सांगतोय, की तुझं काम म्हणजे आमच्याकडं शिक्षा आहे? गाडगेबाबा पंढरपुरात झाडू घेऊन फिरले त्या जिल्ह्यात राहून आपण हे बोलतो. साफसफाई सगळ्यांच्या वाट्याला येत असेल, ट्रस्टीसुद्धा हात लावत असतील, तर त्यालाही द्या, माझी ना नाही. फक्त त्याच्यासाठी राखून ठेवू नका.

इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकापासून ही शिक्षा आहे, 40 ते 300 तास, वर देखरेखीला प्रोबेशनचं खातं. चॅरिटीची दुकानं, बागा अशा ठिकाणी माणसं जातात. ती पद्धत मला पटते, पण 2008 पासून त्यांनी गटात काम करणाऱ्यांना पाठीवर 'कम्युनिटी पेबॅक' लिहिलेली भडक जाकिटं घातली, लोकांना शिक्षा दिसली पाहिजे म्हणून, ते नाही पटत. आपल्याकडं जाकीटही लागणार नाही, मोबाईल आहेत. पहिल्याच दिवशी फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, गल्लीत, पोरांच्या शाळेपर्यंत.

सोलापूरकरांना तरी शिक्क्याचं वेगळं सांगायला नको. इथली सेटलमेंट वस्ती म्हटलं की रिक्षावाला पुढं काही विचारत नाही, सरळ नेतो. इंग्रजांनी 1871 पासूनच्या कायद्यांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, इथं तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावून गिरणीत कामाला पाठवल्या. ती माणसं जन्मानं गुन्हेगार ठरवलेली, काही न करता, त्यामुळे कोर्टात शिक्षा झालेल्याशी त्यांची बरोबरी मी करतच नाही. पण 31 ऑगस्ट 1952 ला ती मुक्त झाली आणि तरी पोलिसांची आणि शेजाऱ्यांची नजर किती वर्षं बदलली नाही हे त्या कॉलन्यांतल्या कुणालाही विचारा. ज्याला कोर्टानं ठरावीक तास दिलेत त्याची शिक्षा तेवढ्या तासांतच संपली पाहिजे. म्हणून त्यानं काय केलं ते सेक्रेटरीला आणि देखरेख करणाऱ्याला माहीत असावं, बाकीच्यांनी त्याला आडनावानं नाहीतर दादा म्हणून हाक मारावी.

चावीचं म्हणाल तर कोठीची चावी आम्ही नव्या स्वयंसेवकालासुद्धा देत नाही. तो प्रश्नच नाही.

मला खरी भीती आहे सहीची. कोर्टाला हजेरी लागणार, ती आपण देणार. मग फोन येणार, 'आपलाच पोरगा आहे, येऊन गेला म्हणून लिहा', आणि फोन करणारा दरवर्षी गव्हाची पोती पाठवणारा देणगीदार असला तर? अब्रुनुकसानीच्या केसेस कुणावर होतात ते बघा, त्यात पुढारी कितीतरी. एखादा आलाच तर कॅमेरावाला घेऊन येणार, दोन चपात्या वाढणार, आणि आपल्याच संस्थेच्या खर्चानं त्याचा प्रचार. गरिबाचं उलटं, दारूच्या केसला 1000 रुपयांपर्यंत दंड आहे, ज्याच्या खिशात आहेत तो भरून मोकळा होऊ बघणार आणि ज्याच्याकडं नाहीत तो तास मोजत बसणार.

म्हणून मीटिंगमध्ये मी म्हटलं, घेऊ, पण एका वेळी एकच. त्याच्याबरोबर रोज आमचा एक माणूस, भाजी निवडणं, डबे भरणं, वाटप, सगळ्यात तो आपल्याबरोबर. मावश्यांच्या कामाला हात लावायचा नाही. वेळ लिहायची ती आल्यावर आणि जाताना, त्याच्यासमोर, आणि रजिस्टर कमिटीच्या घरी न्यायचं नाही. हे जमणार नसेल तर सरळ नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही. रोज एक माणूस त्याच्यासाठी अडकणार, हातमोजे आपले, कामात बोट कापलं तर दवाखाना आपला, फुकट काही नाही ह्यात.

ठराव अजून झालेला नाही. वकीलसाहेब जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करतो म्हणालेत. तुमच्यापैकी कुणाच्या संस्थेत, मठात, वाचनालयात कोर्टाच्या आदेशानं कुणी काम करून गेलं असेल तर नाव-गाव न सांगता लिहा, विशेषतः इजा झाली तर खर्च कुणी दिला ते.