जुन्या वहीचा वास तुम्हाला बरोबर आला

नमस्कार.

शनिवारी तुम्ही आमच्या बाणेरच्या ब्रुअरीत डबल आयपीए ही कडू, सुगंधी बिअर घेतलीत आणि दोन स्टार देऊन लिहिलंत: "नुसता काढा. दिसायला गढूळ. वर जुन्या वहीसारखा वास. एवढ्याशा ग्लासाला एवढे पैसे, आणि विचारलं तर म्हणे अशीच असते." रविवारी सकाळी हे वाचलं आणि त्याच केगमधून, म्हणजे बिअरच्या पिंपातून, एक ग्लास काढून मी स्वतः चाखली.

वहीचा वास होता. बिअरला हवा लागली की थोड्या दिवसांत ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या कागदाचा वास येतो. चाखायला शिकणाऱ्यांना हा दोष मुद्दाम ओळखायला लावतात. तुम्ही तो कुणी न सांगता पकडलात. खिडकीपाशी ग्लास धरला तर रंगही उतरलेला. ताजी असताना ही बिअर केशरी-सोनेरी असते, ही कोऱ्या चहाकडे झुकली होती. नोंदवही पाहिली तर केग भरून सात आठवडे झालेले. भरण्याआधी केगमधली हवा कार्बन डायऑक्साइडनं पूर्ण हाकलायची असते, त्यातही त्या दिवशी घाई झाली होती. चूक आमचीच. उरलेली बिअर त्याच दुपारी ओतून दिली.

'काढा' या शब्दावर मात्र थोडं बोलायचं आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. ती उकळली की कडूपणा बिअरमध्ये उतरतो, पण त्यातली सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून आम्ही निम्म्याहून जास्त हॉप्स अगदी शेवटी, आंबवण झाल्यावर घालतो. त्यातून पपनसाचा, आंब्याच्या सालीचा, चीड (पाइन) झाडाच्या डिंकाचा वास येतो. बिअर जुनी होते तसा आधी हा वास जातो, कडूपणा बराचसा मागे राहतो. तुमच्या ग्लासात तेवढाच राहिला होता, मग काढा वाटणारच. पण बिअर ताजी असली तरी ती कडूच असणार, आणि तो कडूपणा मी कमी करणार नाही. कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. लागर या नेहमीच्या हलक्या बिअरचा तो १०-१५ च्या आसपास असतो, हिचा ७० आहे. आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हटलं की बाटलीतली जड, गोडसर बिअर डोळ्यांसमोर येते आणि आमच्या कार्डावर नेमका तोच एक शब्द होता. तो काढून आता 'कडू, सुगंधी, ७.५ टक्के' असं लिहिलं आहे.

पहिली डबल आयपीए १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला इथे ब्लाइंड पिग ब्रुअरीत व्हिनी सिलुर्झो यांनी केली असं मानतात. यंत्रं जुनाट होती, काही दोष राहिलाच तर झाकला जावा म्हणून त्यांनी भरपूर हॉप्स घातले. एवढ्या हॉप्सखालूनही आमचा दोष तुम्हाला जाणवला, म्हणजे तो किती मोठा होता ते मला कळतं.

गढूळपणा हा दोष नाही. आम्ही ही बिअर गाळत नाही. ग्लास २५० मिलिचा आहे कारण त्यात ५ टक्क्यांच्या ३७५ मिलि बिअरइतकं मद्य जातं. तरीही दोष असलेल्या बिअरचे पैसे घेणं योग्य नव्हतं. बिल नंबर कळवा, त्या ग्लासाची रक्कम परत करतो.

बिलावर ठेचा पनीर दिसतंय असं तुम्ही टाकलेल्या फोटोवरून वाटतं. मिरचीचा झणका आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना चढवतात, वर मद्यानं जिभेची आग वाढते. ऑर्डर घेतानाच हे सांगायला हवं होतं. सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते "अशीच असते" या उत्तराचं. गिऱ्हाइकानं वासाबद्दल विचारलं की आधी ग्लास बदलायचा आणि केग तपासायचा, हे आता आमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला चाखायला लावून सांगितलं आहे. चार आठवड्यांवरचा केग यापुढे नळाला लागणार नाही.

नवी बॅच गुरुवारी केगमध्ये जाते आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी काउंटरवर असेन. आलात तर ग्लास बर्फगार मागू नका, त्यात वास दबतो. आधी हुंगा, छोटा घोट घ्या आणि तिसऱ्या घोटापर्यंत मत ठरवू नका. हा कडूपणा उशिरा जाणवतो. तेव्हाही आवडली नाही तर तसं लिहा, आणि वहीचा वास आला तर तिथेच मला हाक मारा.