गोष्ट सांगा नाहीतर सल्ला द्या, दोन्हीची भेसळ बंद करा!

आयुष्य सुधारून देणारी पुस्तकं लिहिणाऱ्यांनो, तुमचं सांगणं पहिल्या वीस पानांत संपतं. मग पुढची दोनशे पानं कोणाच्या जिवावर छापता?

गेले काही महिने या जातीची पुस्तकं लागोपाठ वाचतेय. मधे जरा बदल म्हणून कादंबऱ्या. आणि आता माझं डोकं फिरलंय, कारण बदल काही झालाच नाही. सल्ल्याची पुस्तकं पानोपानी गोष्टी सांगत सुटलीयेत आणि कादंबऱ्या प्रवचन देतायत. दोघांनीही आपापली कामं सोडून एकमेकांची धरलीयेत, आणि दोघांनाही ती येत नाहीत.

आधी सल्लेवाल्यांचा समाचार घेते. प्रकरण उघडतं ते कुणातरी जॉनच्या किश्श्याने. जॉन कर्जबाजारी, बायको सोडून गेलेली, नोकरी गेलेली. एका सकाळी जॉन पाचला उठला. बस्स! पुढच्या पानावर जॉनची कंपनी, जॉनचा बंगला, जॉनचे सपाट पोट. हा जॉन कोण, कुठला, आडनाव काय, काही पत्ता नाही. मग किश्श्याचं तात्पर्य. मग तेच तात्पर्य ठळक अक्षरांत चौकटीत. मग प्रकरणाच्या शेवटी 'आपण काय शिकलो' या मथळ्याखाली तेच तिसऱ्यांदा. त्याखाली टिंबाटिंबांच्या ओळी: 'तुम्हाला मागे खेचणाऱ्या पाच गोष्टी इथे लिहा.' अहो, मी पुस्तक विकत घेतलंय, वही नाही! आणि पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य काय? 'मागच्या प्रकरणात आपण पाहिलं की...' पाहिलं हो! आत्ताच पान उलटलंय, इतकी काही स्मृती गेलेली नाही माझी.

बरं, किस्से तरी नवे शोधा. तेही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचा तो मार्शमेलोचा प्रयोग तर मला आता पाठ झालाय. मुलासमोर गोड वडी ठेवायची, थांबलास तर दुसरी मिळेल म्हणायचं. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चमकली, म्हणून संयम पाळा. यातलं एकही पुस्तक पुढचं सांगत नाही. २०१८ साली नऊशेहून जास्त मुलांच्या माहितीवर हाच हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा थांबणं आणि पुढचं यश यांचा संबंध आधीच्या निम्माच निघाला. मुलाच्या घरची परिस्थिती आणि लहानपणची समज लक्षात घेतल्यावर त्यातलाही बराचसा उडाला. म्हणजे थांबण्यापेक्षा घर कसलं मिळालं याचाच वाटा मोठा असण्याची शक्यता. पण हे छापलं तर 'सगळं तुमच्याच हातात आहे' हे प्रकरण कसं लिहिणार?

'सवय लागायला २१ दिवस' हे तर देववाणी असल्यासारखं फिरतंय. याचं मूळ म्हणजे मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन. ऑपरेशननंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात, असं त्याने १९६०च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. नाक बदललेल्या माणसांबद्दलचं निरीक्षण आम्ही रोज पळायला जाण्याला लावून मोकळे! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर खरोखरच अभ्यास झाला, २००९ साली प्रसिद्धही झाला. मधला आकडा आला ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पण '२५४ दिवसांत बदला आयुष्य' हे मुखपृष्ठावर शोभत नाही ना.

आणि येल विद्यापीठाची ती १९५३ची बॅच! तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त भरली. कुठे येलऐवजी हार्वर्ड असतं, वर्षं मागेपुढे होतात. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. शोधणाऱ्यांनी शोधून पाहिलं, विद्यापीठात त्याचा मागमूस नाही. तरी पुस्तकामागून पुस्तकात तो आकडेवारीसकट हजर, आणि त्याच्याच आधारावर मला टिंबांच्या ओळी भरायला सांगतायत.

रोज एक टक्का सुधारा म्हणजे वर्षभरात सदतीसपट व्हाल, हे आणखी एक. गुणाकार बरोबर आहे, एकाला १.०१ने ३६५ वेळा गुणलं की ३७.८च्या आसपास येतं. पण माणूस काय मुदत ठेव आहे, चक्रवाढीने वाढायला? मी रोज गळा साफ करून रियाज केला तर वर्षाने सदतीसपट गोड गाईन? शेजारपाजारच्यांना विचारा.

ही जात नवी नाही, मला माहितीये. सॅम्युएल स्माइल्सने १८५९ मध्ये 'सेल्फ-हेल्प' काढलं तेव्हापासून थोरांच्या चरित्रांतले तुकडे जोडून उपदेश चाललाय. पण निदान त्याची माणसं लक्षात राहतात. बर्नार्ड पालिसी हा कारागीर, भांड्यांवर चढवायच्या लुकणासाठी भट्टी पेटती ठेवायला लाकूड संपलं म्हणून घरातलं फर्निचर फोडून आगीत घालतो. त्याची बायको काय म्हणाली असेल या विचाराने मला झोप आली नाही. जॉनबद्दल मला असलं काही वाटत नाही.

म्हणून मग कादंबरीकडे वळावं, तर तिथे वेगळीच तऱ्हा. थकलेली नायिका नोकरी सोडते, कुठल्याशा लहान गावातल्या पुस्तकांच्या दुकानात येते, आणि तिथली म्हातारी मालकीण सुविचाराशिवाय तोंडच उघडत नाही. दाराची कडी कुठेय विचारलं तरी म्हणेल, 'दारं आतूनच उघडायची असतात.' एवढंही मी सोसलं. पण एका ठिकाणी हात टेकले. कित्येक वर्षं अबोला असलेल्या आईचा नायिकेला फोन येतो. तिने फोन उचललाय, पलीकडून नुसता टीव्हीचा आवाज येतोय, कोणीच बोलत नाही. इतकं सुरेख लिहिलं होतं! माझ्या छातीत धडधडायला लागलं. आणि पुढच्या ओळीत मुलगी म्हणते, 'आई, मला आता कळलंय, तू मला प्रेम देऊ शकली नाहीस कारण ते तुलाच कधी मिळालं नव्हतं.' त्यावर आई म्हणते, 'मी माझ्या वागण्याची जबाबदारी स्वीकारते.' कोण बोलतं असं? कोणत्या घरात? खऱ्या आईने आधी विचारलं असतं, जेवलीस का, आणि त्यातच सगळं आलं असतं. पण नाही! वाचकाला कळणार नाही ना, म्हणून पात्रांच्याच तोंडी टीप घातली.

रहस्यकथांचं तर बोलायलाच नको. निवेदिका 'मी'. पहिल्या पानापासून 'त्या रात्री जे घडलं ते मी कधीच विसरू शकत नाही.' बाई गं, विसरू शकत नाहीस तर सांग की! भांडी घासताना 'ती रात्र', गाडी चालवताना 'ती रात्र', प्रत्येक प्रकरण 'ती रात्र' म्हणून तोडायचं, आणि तिच्या डोक्यात बसलेली मी वाचक तेवढी अंधारात. याला रहस्य म्हणत नाहीत, लपवाछपवी म्हणतात. अगाथा क्रिस्तीने १९२६ साली 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये वाचकांना असं फसवलं की लोक चिडले, ही लबाडी आहे म्हणाले. कसं फसवलं ते सांगत नाही, न वाचलेल्यांचा घात होईल. पण शेवट कळल्यावर मागे जाऊन बघा, सगळं नाकासमोर मांडून ठेवलेलं असतं, आपणच बघितलं नाही. तिने वाचकाला हुशार धरलं आणि मग हरवलं. हे लोक आधीच बिनडोक धरतात.

यावर कोणी ना कोणी म्हणतंच, 'एक वाक्य जरी उपयोगी पडलं तरी पैसे वसूल.' का बरं? एका वाक्यासाठी मी अडीचशे पानं का उपसायची? ते वाक्य पाठवा ना मला फोनवर, फुकट वाचते. दुसरे म्हणतात, करमणुकीसाठी वाच, एवढा कीस कशाला पाडतेस? करमणूक झाली असती तर कशाला पाडला असता!

परवा त्या फोनवाल्या कादंबरीचं शेवटचं पान उलटलं तर मागे चक्क प्रश्नावली. 'वाचकांसाठी काही प्रश्न.' नायिकेच्या निर्णयातून तुम्ही काय शिकलात? तुमच्या आयुष्यात कोणाला माफ करायचं राहिलंय? कादंबरी आहे की शिबिर? यापुढे घेताना आधी मागची पानं उघडणार. प्रश्न दिसले की पुस्तक परत फळीवर.