‘एकच डाव हजार वेळा’ या सल्ल्यात काय चुकते

बेळगाव-खानापूर भागातील पालकांमध्ये सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे. मुलाला कुस्तीच्या तालमीत घातले की त्याच्याकडून एकच डाव हजार वेळा करून घ्यावा, तो पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नये आणि सराव जितका सलग तितका तो अंगात मुरतो, असा त्याचा आशय आहे. मेहनतीबद्दलचा त्यातील आदर मला मान्य आहे. सरावाच्या मांडणीविषयीचा सल्ला मात्र पोरांचे नुकसान करणारा आहे.

पहिला मुद्दा एकाच डावाचा. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींचे तीन प्रकार विद्यार्थ्यांना शिकवले. प्रत्येक प्रकाराचे १८ असे एकूण ५४ प्रयत्न सर्वांनाच मिळाले. एका गटाने एक प्रकार संपवून दुसरा घेतला, तर दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला, पण दहा दिवसांनी घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव करणारे पुढे निघाले. १९९४ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉल फलंदाजांवर झालेल्या प्रयोगातही हेच आढळले: तीन प्रकारचे चेंडू मिसळून खेळणाऱ्यांची सुधारणा सुमारे ५७ टक्के, तर एकेक प्रकार सलग खेळणाऱ्यांची सुमारे २५ टक्के होती.

याचे कारण तालमीतच दिसते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी बारा वर्षांचा एक मुलगा ओळीने चाळीस वेळा धोबीपछाड (समोरच्याचा हात धरून त्याला खांद्यावरून आपटण्याचा डाव) मारत होता आणि जोडीदार दर खेपेला आपणहून हात पुढे करत होता. दहा-बारा खेपांनंतर पोराचे समोर लक्षच राहिले नाही. पुढे लढत लागली, जोडीदाराने कोपर अंगाशी घट्ट धरले, आणि हा मुलगा हात शोधत असतानाच समोरच्याने त्याचा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून त्याला पाडले. डाव त्याला येत होता. तो कधी घालायचा, हे ओळखण्याचा सराव मात्र त्याला मिळालाच नव्हता.

सरावात चुका कमी होणे म्हणजे शिकणे, ही समजूतही याच जागी फसते. मिसळलेल्या सरावात पोरगा जास्त चुकतो, कारण प्रत्येक वेळी त्याला डाव नव्याने आठवावा लागतो, आणि ते आठवणेच पुढे टिकते. त्याच्या चुका पाहून वस्तादांना बोल लावणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे.

सलग तासांविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना १९७८ च्या अभ्यासात असे दिसले की रोज एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले, मात्र दिवस जास्त लागल्यामुळे त्या पद्धतीवर सर्वांत नाराजही तेच होते.

संदेशात तथ्याचा अंशही आहे. अगदी नवख्या पोराला पाय कुठे ठेवायचा हेच कळत नसेल, तर काही दिवस एकच डाव घ्यावा लागतो. शिवाय लहान मुलांमध्ये आणि प्रत्यक्ष मैदानावर मिसळलेल्या सरावाचा लाभ प्रयोगशाळेइतका ठळक दिसेलच असे नाही. पण डावाची ठेवण जमली की चाळीस खेपा धोबीपछाड, ढाक आणि एकेरी पट यांत वाटाव्यात, क्रम आधी सांगू नये, आणि जोडीदाराने कधी हात द्यावा, कधी आवळून धरावा.