चार मित्र, एक मोबाईल आणि रेडिमेड हसू : मराठवाडी सिटकॉमवरच्या व्हायरल पोस्टला उत्तर

नाटकवाल्यांच्या आणि यूट्यूब करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत बऱ्याच जणांनी ती पुढं ढकललीय. विषय सिटकॉमचा, म्हणजे तीच ती पात्रं दर भागात परत येतात अशा विनोदी मालिकेचा. म्हणणं थोडक्यात असं : 'सिटकॉम करायला मुंबई लागत नाही. चार विनोदी मित्र, एक खोली, एक मोबाईल बास. हसू ॲपमधून टाका, फ्रेंड्सवाल्यांनी तेच केलं. संहिता लिहीत बसू नका, आपली पोरं जागेवर पंच (हशा काढणारी ओळ) काढतात. मराठवाडी बोली आली की लोक हसतातच. डेली मालिकावाले दिवसाला एक एपिसोड काढतात, आपणही काढू.'

पहिलं वाक्य बरोबर आहे. मुंबई लागत नाही. घोळ त्याच्या पुढं आहे. जिथं वेळ आणि पैसा घालायला हवा, नेमकं तिथंच ही पोस्ट हात आखडायला सांगते. त्यावर विसंबून कामाला लागलेली टीम दोन-तीन भागांत दमते आणि मग 'लोकांना चांगलं नकोच असतं' म्हणत बसते.

'फ्रेंड्समधलं हसू ॲपसारखंच टाकलेलं होतं'

नव्हतं. 'फ्रेंड्स' ही अमेरिकेतली सिटकॉम. कॅलिफोर्नियात बरबँकच्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओत सुमारे तीनशे प्रेक्षक बसवून बहुतेक प्रसंग त्यांच्यासमोर चित्रित व्हायचे. विनोद पडला की लेखक तिथंच घोळका करून नवी ओळ काढायचे आणि पुन्हा टेक. ही पद्धत रुळवली १९५१ च्या 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन मालिकेनं. तिचा नट-निर्माता देसी अर्नाझ आणि कॅमेरामन कार्ल फ्रॉइंड यांनी ३५ मिमी फिल्मचे तीन कॅमेरे एकाच वेळी चालवले आणि समोर खरे प्रेक्षक बसवले. बोलणारा आणि ऐकणारा एकाच टेकमध्ये मिळतो, त्यामुळं हसू कापाकापीत तुटत नाही.

टेपवरचं हसू होतंच, नाही असं नाही. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीचा ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस यानं १९५० च्या दशकात टाईपरायटरसारख्या कळांचं यंत्र केलं. एक कळ दाबली की हलकी खसखस, दुसरी दाबली की गडगडाट. पण ते सगळीकडं खपत नव्हतं. 'मॅश' या लष्करी हॉस्पिटलवरच्या अमेरिकन मालिकेच्या निर्मात्यांनी ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत हसू टाकायचं नाही, असं वाहिनीकडून कबूल करून घेतलं होतं. ब्रिटनमध्ये बीबीसीनं तर ती मालिका हसू काढूनच दाखवली.

ॲपमधलं हसू टाकताना बिघडतं काय? विनोदाचं वाक्य संपलं आणि समोरच्यानं लगेच उत्तर दिलं, तर हसू त्या उत्तरावर चढतं आणि उत्तर ऐकूच येत नाही. प्रेक्षकांपुढं काम करणारा नट हसू ओसरेपर्यंत थांबतो. नुसता थांबत नाही. कप उचलतो, चष्मा पुसतो, समोरच्याकडं रोखून बघतो. ही दोन-तीन सेकंदांची जागा शूटिंगलाच सोडावी लागते, एडिटिंगला बसल्यावर ती कुठून आणणार? म्हणून हसू ठेवायचं की नाही हे संहितेच्या वेळीच ठरवा. आमचं मत विचाराल तर नको. पंच झाला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कट घ्या, तिथं अर्धा सेकंद राहू द्या (सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात बारा-तेरा फ्रेम), मग पुढचं वाक्य. ब्रिटनच्या 'द ऑफिस'नं २००१ मध्ये हसण्याच्या पट्टीशिवायच काम भागवलं आणि कुणाचं अडलं नाही.

'संहिता नको, जागेवर पंच निघतात'

हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. आपल्याकडं टिकलेल्या विनोदी मालिका आठवा आणि त्या आल्या कुठून ते बघा. दूरदर्शनवरचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून आले. १९८८ ची 'वागळे की दुनिया' आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसातून. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'तून. २००८ पासून चाललेली 'तारक मेहता' गुजराती 'चित्रलेखा'तल्या सदरातून. १९८४ ची 'ये जो है जिंदगी' लिहिली शरद जोशींनी, म्हणजे हिंदीतल्या मुरलेल्या व्यंगलेखकानं. यातली बरीच माणसं पडद्यावर यायच्या आधी कितीतरी वर्षं कागदावर नांदत होती. तिकडं ब्रिटनमध्ये जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ आणि १९७९ मिळून अवघे बारा भाग लिहिले आणि थांबले.

'पण लॅरी डेव्हिड तर संवाद लिहीत नाही,' असं कुणीतरी म्हणणारच. खरं आहे, या अमेरिकन विनोदी लेखक-नटाच्या 'कर्ब युवर एन्थुझिॲझम' मालिकेत संवाद नट जागेवर बोलायचे. पण कोणत्या प्रसंगात कुणाला काय हवंय, कुठं बिनसतं, शेवटी सगळे धागे कुठं येऊन एकमेकांत अडकतात, याचा आराखडा आधी पक्का असायचा. अवघड काम तेच. ते करून मग संवाद मोकळे सोडले तर आमची हरकत नाही.

मग जागेवर पंच निघतात हा विश्वास आपल्या पोरांत आला कुठून? आम्हाला वाटतं, विद्यापीठांच्या युवक महोत्सवातून. तिथं स्किटला, म्हणजे छोट्या प्रहसनाला, दहा मिनिटं आणि सहा कलाकार. संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांची पोरं त्यात तरबेज आहेत, आणि तालमीत सुचलेलं टाकत टाकत स्किट उभं राहतं हेही खरं. पण स्किटचा विषय संपला की पात्रं संपतात. सिटकॉममधला माणूस पुढच्या आठवड्यात परत यायला हवा, आणि अजिबात शहाणा न होता यायला हवा. दहा स्किटं जोडली की सिटकॉम होते हा समज जाईपर्यंत बाकी सगळं व्यर्थ.

पात्र तयार झालं की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. त्याला तीन ठिकाणी उभं करा : वीजबिलाच्या रांगेत, मयतीला, आणि मुलगी बघायच्या कार्यक्रमात. तिथं तो काय करेल हे टीममधल्या चौघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं. उत्तरं साधारण जुळली तर पात्र हाताला लागलं. चौघांनी चार माणसं लिहिली असतील तर अजून कॅमेरा काढू नका.

दहा मिनिटांच्या भागाला दहा ते बारा पानं आणि पाच-सहा प्रसंग पुरतात. एक मोठा धागा, एक छोटा. कुणाला काय हवंय हे पहिल्या दीड पानात कळलं पाहिजे. मध्यावर त्याचा उपाय त्याच्याच अंगावर उलटला पाहिजे. छोटा धागा शेवटच्या आधीच्या प्रसंगात मोठ्याला जाऊन धडकला पाहिजे. तो धडकत नसेल तर तो दुसऱ्या भागाचा विषय आहे, तिकडं ठेवा.

आता एक ओळ जवळून बघू. नळाला पाणी रोज न येणं हे आपल्याकडं आयतं भांडवल आहे. समजा तात्या नावाचा माणूस, ज्यानं अंगणातल्या हौदाला कुलूप घातलंय. शेजारच्या वहिनी विचारतात, "तात्या, हौदाला कुलूप? चोर काय पाणी न्यायलेत का?" तात्याचं पहिल्या खर्ड्यातलं उत्तर : "पाहुणे यायलेत म्हणून लावलंय, चोराला मी काही भेत नाही." इथं विनोद 'पाहुणे' या शब्दात आहे आणि तो सुरुवातीलाच सांडतो. पुढचं अर्धं वाक्य लोक हसू आवरून ऐकतात. दुसरा खर्डा : "चोराला कोण भेतंय? पाहुणे यायलेत." त्यापुढं तात्याच्या तोंडी एक अक्षर नको. वहिनींच्या प्रश्नात मात्र 'चोर' यायलाच हवा, नाहीतर उत्तराला पाय ठेवायला जागा नाही. वहिनींच्या हातात रिकामी कळशी द्या आणि कट त्यांच्यावर घ्या. जागेवर बोलणारा नट पहिला खर्डा बोलतो, अपवादानंच दुसरा. कारण दुसरा पहिला लिहून खोडल्यावर सापडतो.

आपल्या भाषेत वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि मागं 'आहे', 'म्हणून', 'वगैरे' अशी शेपटं येतात. खर्डा झाला की प्रत्येक पंच काढून त्याचं शेपूट किती लांब आहे ते बघा. निम्मी दुरुस्ती तिथंच होते.

'मराठवाडी बोलली की लोक हसतातच'

कोण लोक? पुण्या-मुंबईचा प्रेक्षक हसेल, तोही चार भाग. परभणीच्या माणसानं 'करायलाय' ऐकून का हसावं? तो स्वतः दिवसभर तेच बोलतो.

शिवाय एकच मराठवाडी बोली आहे कुठं? जालना-परभणीकडं 'काय करायलास', लातूर-नांदेडकडं 'काय करूलालास'. देगलूर-बिलोलीच्या बोलण्यात तेलुगू डोकावते, उदगीर-निलंग्याकडं कानडी, संभाजीनगरच्या जुन्या शहरात दखनी. सगळ्या पात्रांना 'लई' आणि 'कामून' वाटून दिलं की ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं, हे कुठल्याच गावचे नाहीत. म्हणून पात्राच्या यादीत नावापुढं वयाच्या आधी गाव लिहा, तालुक्यासकट. ज्या नटाला ती बोली येत नाही त्याला ओढूनताणून बोलायला लावू नका. बदलीवर आलेला बँकेचा साहेब करा, प्रमाण मराठी बोलू द्या. दोन बोलींच्या टकरीत जास्त गंमत आहे.

लक्ष्मण देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करायचे. त्यातली बोली इथलीच, पण लोक हसले ते लग्नाला निघालेल्या प्रत्येकाची खोड वेगळी होती म्हणून. मकरंद अनासपुरेंचं बघा : ते बोली 'करत' नाहीत. चेहरा सरळ ठेवून बोलतात, जणू जगात दुसरी मराठी नाहीच.

'एक खोली, एक मोबाईल बास'

इथं पोस्ट बरीचशी बरोबर आहे. खोली मात्र बघून घ्या. बारा बाय बाराच्या खोलीत मोबाईल मागं न्यायला जागा उरत नाही. मग जवळून रुंद लेन्स लावली जाते, नाकं मोठी दिसतात, आणि गंभीर प्रसंगातही विनोदी दिसतात. शेजारच्या खोलीच्या किंवा ओसरीच्या दारातून, थोडं लांबून दुप्पट झूमची लेन्स वापरा. खोलीला दोन दारं असतील तर सोनं. सिटकॉम माणसांच्या येण्या-जाण्यावर चालते, आणि चुकीच्या वेळी चुकीचा माणूस आत यायला दार लागतं.

चित्रापेक्षा आवाजानं जास्त भाग वाया जातात. शहाबादी फरशी आणि वर पत्रे असतील तर आवाज घुमतो. फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर गोधड्या टांगा, नटांच्या पायाखाली सतरंजी टाका. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करावाच लागेल, म्हणून त्या महिन्यांत शूटिंग सकाळी सहा ते दहा. प्रत्येकाला कॉलर माईक मिळत नसेल तर बोलणाऱ्या दोघांना तरी द्या, आणि प्रत्येक जागेची अर्धा मिनिट शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवा. कटांमधली भगदाडं त्यानंच बुजवता येतात.

मोबाईलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्याशी न जुळणारा आकडा ठेवला की ट्यूबलाईट आणि एलईडी पडद्यावर लपलपू शकतात. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) लॉक करा, खिडकीला पडदा लावा; नाहीतर एकाच संवादात सकाळ आणि दुपार दिसते. मोबाईल फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतो, त्यामुळं वेगळ्या माईकवर घेतलेला आवाज लांब टेकमध्ये ओठांपासून सरकतो. एडिटिंगआधी सगळ्या क्लिपा स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. दोन मोबाईल मिळाले तर एक बोलणाऱ्यावर, एक ऐकणाऱ्यावर, आणि सुरुवातीला एक टाळी, म्हणजे दोन्ही क्लिपा नंतर जुळवता येतात. 'आय लव्ह लुसी'नं तीन कॅमेऱ्यांनी जे साधलं त्यातलं बरंचसं दोन मोबाईलवर हाताशी येतं.

'दिवसाला एक एपिसोड'

डेली मालिकेचा सेट कायम उभा असतो आणि दिवे टांगलेलेच असतात. कॅमेरे एकाहून जास्त, शिफ्ट बारा तासांची. कथा, पटकथा आणि संवाद लिहिणारे बहुधा वेगवेगळे, आणि ते त्या दिवशी सेटवर नसतात, पुढचे भाग लिहीत असतात. अमेरिकेतली प्रेक्षकांसमोरची सिटकॉम तर एका भागाला आठवडा घेते : सोमवारी किंवा त्या सुमारास टेबलाभोवती वाचन, मग तालमी आणि रोज दुरुस्ती, मग कॅमेऱ्यांची तालीम, पाचव्या दिवशी प्रेक्षक.

आता आपला हिशेब. एका मोबाईलवर दोन माणसांच्या एका पानाला तीन मांडण्या लागतात : दोघांची एक, प्रत्येकाची एक. प्रत्येक मांडणीला उजेड आणि टेक धरून वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे पानाला सव्वा तास, जेवणखाण धरून आठ तासांत जेमतेम सहा पानं. दहा-बारा पानांच्या भागाला दोन दिवस लागणारच. तिसरी व्यक्ती प्रसंगात आली की आणखी एक मांडणी वाढते, हे लिहितानाच डोक्यात ठेवा आणि गर्दीचा प्रसंग भागात एकच ठेवा.

या दोन दिवसांच्या आधी दोन वाचनं हवीत. पहिलं टीमपुरतं. दुसऱ्याला संहिता न वाचलेले आठ-दहा जण बोलवा, त्यातले निम्मे तरी चाळिशीच्या पुढचे आणि नटांचे मित्र नसलेले. नटांनी अभिनय न करता वाचायचं. एकानं पेन्सिल घेऊन फक्त खुणा करायच्या : हसले तिथं बरोबर, मोबाईल काढला तिथं फुली. दुसऱ्या दिवशी फुल्यांची पानं आधी दुरुस्त करायची. वेळच नसेल तर ती सरळ वगळा आणि आठ मिनिटांचा भाग टाका.