नाच छान झाला, पण गोष्ट कळली का?

बेळगावात भरतनाट्यमचे क्लास आता टिळकवाडी-शहापूरपासून खानापूर-निपाणीपर्यंत पोचलेत. मुली गांधर्व मंडळाच्या नाहीतर कर्नाटक बोर्डाच्या परीक्षा देतात, आईवडील पोटाला चिमटा काढून मुलीचा रंगप्रवेश, म्हणजे पहिला जाहीर एकल कार्यक्रम, करून देतात. मला याचं मनापासून कौतुक आहे. म्हणूनच हे लिहितेय. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत देवाची गोष्ट प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही.

पद तेलुगू किंवा तमिळ, निवेदन इंग्रजीत आणि तेही दोन ओळींचं. समोर बसलेल्या बायका जन्मभर कीर्तन-पारायणात वाढलेल्या. एका कार्यक्रमानंतर शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "नाचली झकास पोरगी, पण सांगालीय काय ते कळंना झालं बघ." ज्यांना अख्खा दशमस्कंध ठाऊक आहे, त्यांना कृष्णाची गोष्ट कळू नये?

खरं तर अभिनय समजायला आपल्याइतका तयार प्रेक्षक दुसरीकडे मिळणार नाही. कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेतो, तोच पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि दर वेळी त्यातून नवा प्रसंग उलगडतो. नर्तकीही हेच करते. गायक एकच ओळ आळवत राहतो आणि ती संचारी भावातून त्या ओळीचे वेगवेगळे प्रसंग उभे करते. संत व्यासरायांचं 'कृष्णा नी बेगने बारो' घ्या. कन्नड पद, भरतनाट्यमच्या थोर नर्तकी बालसरस्वतींनी अभिनयाने जगभर नेलेलं. त्यात आईला तोंडात विश्व दाखवल्याचा उल्लेख येतो. तिथे एकच बाई आधी दटावणारी यशोदा होते, मग तोंड उघडणारं पोर होते, मग पुन्हा यशोदा. ती आत डोकावते, हादरते, क्षणभर हात जोडायला जाते आणि दुसऱ्याच क्षणी सगळं विसरून त्याला पोटाशी धरते. हे सगळं डोळ्यांत आणि हातांत घडतं, त्याला वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे नेमका हाच भाग कापतात. "पब्लिक कंटाळतं" म्हणून पदं एक-दोन आणि शेवटचा वेगवान नाच, तिल्लाना, जोरात. वर मागे एलईडी पडद्यावर कृष्णाचं भलंमोठं चित्र! चित्रच दाखवायचं, तर त्या मुलीने इतकी वर्षं नजर कशाला कमावली?

मराठी अभंगावर किंवा मराठी पदावर भरतनाट्यम करा म्हटलं की काही जण म्हणतात, शास्त्रीयता बिघडेल. त्यांनी तंजावर आठवावं. आज भरतनाट्यमचा जो मार्गम, म्हणजे कार्यक्रमातल्या रचनांचा क्रम शिकवतात, पहिल्या अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा, त्याला रूप दिलं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि ते तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात होते. तिथले सरफोजीराजे दुसरे (1798 ते 1832) यांनी स्वतः मराठीत नृत्यासाठी निरूपणं, म्हणजे गाऊन-नाचून सांगायच्या कथा, रचल्या. सुरुवातीला जय जय आणि शरणु, मग शब्द, वर्ण, पद अशा नृत्यरचना करत शेवटी मंगळ, आणि या सगळ्यातून एकच सलग कथा. याच राजाच्या मराठी 'देवेंद्र कुरवंजी' या नृत्यनाट्यात तर कुरवंजीण, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, जगाचा भूगोल गाऊन सांगते. नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमारांनी या निरूपणांवर काम करून ती पुन्हा रंगमंचावर आणली, 'तंजावुरी नृत्य प्रबंध' हा ग्रंथ केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुण्यात हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम करत आल्या. दोनशे वर्षांपूर्वी राजदरबारात जे शास्त्रीय होतं, ते आज बेळगावात बिघडेल कसं?

भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आवाज चढतात, हे मला माहीत आहे. पण तंजावरच्याच एकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (1684 ते 1712) यांनी पाच भाषांत बोलणाऱ्या पात्रांचं 'पंचभाषाविलास' नाटक लिहिलं. मी एक भाषा काढून दुसरी घाला असं म्हणत नाहीये. कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी पुरंदर विठ्ठल येतो, तो पंढरीचाच. आपल्या जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी रंगवलेलं 'श्रीकृष्ण पारिजात' हे कन्नड लोकनाट्य लोक रात्र-रात्र जागून बघत, सत्यभामेचा रुसवा त्यात आहे. आंध्रातल्या कुचिपुडी नृत्याच्या 'भामाकलापम'मध्येही तीच सत्यभामा. मग आपल्या मुलींना तिचा रुसवा इथल्या भाषेत करायला काय हरकत आहे? जनाबाईसोबत दळायला बसलेला विठ्ठल, चिखलात पाय चालवत नामात बुडालेला गोरा कुंभार आणि धावत येणारी त्याची बायको, हे प्रसंग अभिनयासाठी किती मोठे आहेत याचा विचार करून बघा.

म्हणून नृत्यगुरूंना माझी विनंती आहे. प्रत्येक पदाआधी पाच मिनिटं मराठीत आणि कन्नडमध्ये प्रसंग नीट सांगा, शक्यतो त्या मुलीलाच सांगू द्या. कार्यक्रमात निदान एक अभंग आणि पुरंदरदासांसारख्या संतांचं एक दासपद ठेवा, तिल्लाना थोडा कमी झाला तरी चालेल. पालकांनीही कपड्यांच्या आणि फोटोग्राफरच्या चौकशीआधी गुरूंना एवढं विचारावं, की माझ्या मुलीला या पदाचा शब्दन् शब्द अर्थासकट येतो का?