कुटुंबप्रमुखांसाठी प्रवासविषयक सूचना

गेल्या रविवारी शहराच्या वाहतुकीचे सर्वेक्षण करणारा एक तरुण हातात टॅब घेऊन आमच्या दारात आला, तेव्हा मी कुकर लावत होते आणि आमचे कुटुंबप्रमुख बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. घरातील प्रत्येकाच्या रोजच्या प्रवासाची माहिती त्यांनी दोन मिनिटांत देऊन टाकली. स्वतःच्या नावापुढे कोथरूड ते हिंजवडी, मोटारीने, जाऊन-येऊन; माझ्या नावापुढे, "ती घरूनच हिशेबाची कामे करते, तिचा प्रवास असा काही नसतो." या उत्तरातील सफाई सर्वच कुटुंबप्रमुखांना साधावी, म्हणून पुढील सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

सर्वप्रथम, प्रवास कशाला म्हणावे हे निश्चित करावे. सकाळी डबा घेऊन निघणे, एकाच ठिकाणी पोहोचणे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतणे, हा प्रवास. मुलाला शाळेत सोडून तिथून मंडईत, मंडईतून सासऱ्यांचा रक्ततपासणीचा अहवाल आणायला, वाटेत बँकेत, मग दळण घेऊन घरी आणि घरात पाऊल टाकते न टाकते तोच शाळा सुटायची वेळ झाली म्हणून पुन्हा बाहेर, याला फार तर "जरा जाऊन येणे" म्हणता येईल. याबाबतीत आपल्याला भक्कम आधार आहे. २०११ च्या जनगणनेने कामाच्या ठिकाणचे अंतर आणि तिथे जाण्याचे साधन विचारले, पण ते फक्त "इतर कामगारां"ना. शेतावर राबणाऱ्या आणि घरगुती उद्योगात काम करणाऱ्या माणसांना हा प्रश्न नव्हता, मग दळणाच्या डब्याला तो कोण विचारणार?

घरातील मोठे वाहन एकट्या माणसाने न्यावे आणि दिवसभर कंपनीच्या वाहनतळावर उभे ठेवावे. मूल, दप्तर आणि पाच किलो पीठ यांना स्कूटर पुरते.

हेल्मेट एकच असल्यास ते चालवणाऱ्याने घालावे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणारीलाही ते सक्तीचे करते, पण कायद्याचा इतका बारकाईने अभ्यास करायला आपल्याला सवड कुठे असते?

महिनाअखेरीस तिच्या स्कूटरच्या पेट्रोलचा हिशेब अवश्य विचारावा. मोटारीच्या पेट्रोलला नोकरीचा खर्च म्हणावे.

बायकोला "वाटेत सोडतो" असे म्हटल्यास दुभाजकाच्या आपल्याला सोयीच्या बाजूला सोडावे.

रविवारी मोटार आपणच चालवावी, कारण आठवडाभर शहराच्या गल्लीबोळांतून वाहन चालवणाऱ्या बाईला चालवता येत नाही, हे सर्वश्रुत आहे.

तिने बसने जावे, असा सल्ला अधूनमधून द्यावा. आपण स्वतः शेवटचे बसमध्ये कधी चढलो होतो हे आठवत नसेल, तर सल्ला अधिक ठामपणे देता येतो. बसथांब्यापर्यंत चालत जाण्यासाठी पदपथ असतोच. त्यावर लावलेल्या दुचाकी, विजेची पेटी आणि उखडलेले ब्लॉक यांच्यामधून एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी धरून जाणे हा उत्तम व्यायाम आहे. कामावर सरळ जाणाऱ्याला एक तिकीट पुरते, पण तीन ठिकाणी उतरणाऱ्या बाईला प्रत्येक बसचे तिकीट वेगळे. दिवसभराचा पास आधीच काढावा म्हणावे, तर आज कोणकोणती कामे अंगावर पडणार आहेत हे तिला सकाळी कोणी सांगितलेले असते? मुंबईत ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली, तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण तीही नोकरीच्या वेळेची गाडी. भर दुपारी शाळेतून मूल आणायला निघालेल्या बाईसाठी कोणी काही सोडल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा हीच मंडळी पारावर बसून म्हणू लागली की बायका आता उगाच फिरायला लागल्या! आजारी आईला बघायला जाणारी उगाच फिरते? लेकराला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी उगाच फिरते? तुमच्या घरच्या लग्नाच्या आमंत्रणपत्रिका वाटत गावोगाव कोण हिंडते?

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठी रोजची सरासरी २९९ मिनिटे निघाली आणि तेच करणाऱ्या पुरुषांची ९७. ही सगळीच कामे घरात बसून होत नाहीत, त्यातल्या कित्येकांसाठी रस्त्यावर उतरावे लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असूनही कोणी विचारले की तुम्ही "काही नसतो" म्हणून मोकळे होता, आणि तुमच्या त्या उत्तरावर उद्या उड्डाणपूल बांधले जातात, पदपथ मात्र जसाच्या तसा राहतो. निदान खोटे तरी बोलू नका. शेजारच्या खोलीत बाई उभी आहे, तिला हाक मारा आणि तिचे तिला सांगू द्या. आणि उद्या मोटारीची किल्ली इथे ठेवा, स्कूटर घ्या, मुलाला सोडा आणि दळण घेऊन या. उद्याच जा, कारण परवा गुरुवार आहे आणि गिरणी बंद असते.